लॅपटॉपातलं भजन आणि माझं तोंड

लॅपटॉपात वाजणारं गाणं लॅपटॉपातच आतल्या आत उतरवून घेता येतं, बाहेरच्या हवेशी त्याचा काही संबंध नसतो, हे मला माहीत नव्हतं. मी आपलं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं, गाणं मोठ्या आवाजात लावलं आणि समोर हाताची घडी घालून बसलो. माझी कल्पना अशी, की गाणं स्पीकरातून बाहेर येईल, खोलीत एक चक्कर मारेल आणि गुमान माघारी आत जाईल. गेलंही. फक्त जाताना खोलीत जे काही होतं ते सोबत घेऊन गेलं. खोलीत मी होतो आणि माझ्या तोंडात खर्रा होता.

आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे खर्रा काय असतो ते सांगावं लागत नाही, पण हे कुठे पुण्याबिण्याकडे वाचलं गेलं तर पंचाईत नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून घोटून एकजीव करतात. ती पन्नी खिशात ठेवायची, चिमटीनं थोडा गालात धरायचा आणि मग चघळत बसायचं. चघळलं की तोंड भरतं, आणि भरलेलं तोंड कुठेतरी रिकामं करावं लागतं. बसस्टँडच्या कोपऱ्यात, दवाखान्याच्या जिन्यात, जिथे तिथे तोंड रिकामं करणाऱ्यांची मला पहिल्यापासून किळस. मी तसला नव्हतो. मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या खिडकीतून मागच्या बाजूला थुंकत असे. मी स्वच्छ माणूस होतो.

तर रेकॉर्डिंग. ते माझ्यासाठी नव्हतंच, बायकोसाठी होतं. चामोर्शीपासून जवळच आमचं गाव. गावात बायकांचं खंजरी भजनाचं मंडळ आहे. मधे मुख्य गाणारी खंजरी घेऊन बसते, मागच्या बायका तिची ओळ उचलून धरतात, त्याला झील धरणं म्हणतात. पेटीवर मी. पेटी मी तरुणपणी मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, नाटकांतल्या पेटीवाल्यांच्या मागे बसून शिकलो, म्हणजे निम्मी शिकलो. उरलेली निम्मी अजून त्यांच्याकडेच आहे. पोटापाण्याला धानाच्या गिरणीत वजनकाट्यावर बसतो. पण गावात विचाराल तर मला पेटीवालेच म्हणतील, आणि मीही नाही म्हणणार नाही.

मंडळाची मुख्य गाणारी होती तलावावर मासे धरणाऱ्या घरातली एक म्हातारी. तिला सगळ्या बाईच म्हणतात. मागल्या पावसाळ्यात बाईंना दम लागायला लागला. धान घरात आल्यावर एका दुपारी त्यांनी मंदिरात सगळ्यांसमोर आपली खंजरी माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "आता तू." बस्स, एवढंच. बायको लग्न होऊन आल्यापासून झील धरत आलेली. दुसऱ्या कोणी काढलेली ओळ उचलायची सवय. ओळ स्वतः काढायची म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं. घरी आल्यावर खंजरी तिनं देवाजवळ ठेवली आणि स्वयंपाकाला लागली. भाजीत मीठ दोनदा पडलं.

माघात तालुक्याच्या गावी भजनाची स्पर्धा भरायची होती. जिल्हाभरातली मंडळं येतात. बायकोची मुख्य म्हणून ती पहिलीच वेळ. ती मला एकदाच म्हणाली, तेही पाठमोरी, भांडी घासता घासता: "मधातच आवाज गेला माहा, त बाईच्या खंजरीची शोभा होईन सबन जिल्ह्यासमोर." मी म्हटलं, "काऊन जाईन? मी हाओ ना." आता आठवलं की वाटतं, त्या वाक्यावरच मला कोणीतरी धरून झोडायला हवं होतं.

भजन निवडलं होतं इंटरनेटवरचं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातली एक बाई ते सुरेख गात होती. पण आमच्या मोहल्ल्यात नेटवर्क वाऱ्यावर येतं आणि वाऱ्यावरच जातं. त्यात बायकांचे फोन स्वस्तातले, गाणं अडकायचं, मधेच दातमंजनाची जाहिरात यायची. म्हणून मी ठरवलं, की गिरणीच्या ऑफिसात नेटवर्क बरं असतं, तिथून व्हिडिओ लॅपटॉपात आणायचा, घरी आवाज उतरवायचा आणि सगळ्यांना पाठवायचा. घरबसल्या रियाज. कल्पना चांगली होती. माझ्या कल्पना चांगल्याच असतात.

मी ते उतरवलं. तोंड भरलं की गाणं थांबवायचं, खिडकीतून बाहेर वाकायचं, काम उरकायचं, पुन्हा गाणं सुरू करायचं. गाणं थांबलं तरी लाल बटण चालूच आहे, हे माझ्या गावीही नव्हतं. झाल्यावर न ऐकताच मंडळाच्या ग्रुपवर पाठवून दिलं. खाली लिहिलं: 'असंच बसवा.'

आता आमच्या मंडळाची रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. आमच्या बायका गाणं कानानं शिकतात. कागद नाही, सरगम नाही. बाईंचा एकच नियम, तो त्यांनी इतकी वर्षं लावून धरलेला: "आयकलं तसं गायाचं. आपली अक्कल मधात घालाची नाई." शिकवणाऱ्यानं मधे श्वास घेतला तर श्वासही तिथेच घ्यायचा. म्हणून तर आमच्या मंडळाची झील एका गळ्यातून आल्यासारखी येते.

आठवडाभरानं मी पेटी घेऊन मंदिरात बसलो. दुपारची वेळ, बायका शेतावरून लवकर परतलेल्या. बायकोनं खंजरीवर थाप मारली, ओळ काढली. आवाज जरा कापत होता, पण लागला. झील आली. मी खुशीत भाता ओढतोय, आणि पहिलं कडवं चढून वर गेलं तोच सगळ्या बायका एकदम गप्प. पेटी एकटीच पुढे धावत गेली, बैल सुटल्यावर बंडी जावी तशी. मग खंजरीवर एक जोरकस थाप पडली आणि सगळ्या पुन्हा सुरू झाल्या.

"थांबा, थांबा!" मी ओरडलो. "मात्रा काऊन खाऊन राह्यल्या तुमी?"

"आमी नाई खाल्ल्या भाऊ," एक जण म्हणाली. "तुमीच थांबवलं ना तिथी."

"मी?"

"मंग कोन? गानं थांबते, तुमी टेबलावर थाप मारता, मंग चालू होते. तीन जागी हाय तसं."

"मी काही थाप मारली नाही."

"वा जी! थाप मारून वाहवा बी देल्ली."

बाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लाव वो ते डब्ब्यावर. भाऊले भाऊचंच आयकव."

डब्बा म्हणजे ब्लूटूथ स्पीकर. गणपतीत आणलेला, घमेल्याएवढा आणि ताकदीचा. त्यावर आमचं भजन सुरू झालं. आधी पलीकडच्या बाईचा गोड आवाज. आणि त्याच्या खाली, अगदी जवळ, कानाला लागून, दुसरा एक आवाज. कच्, कच्, लप्, कच्. ओला आणि जाडसर. मला शिसारी आली.

"हे कोणं म्हैस बांधली मधात?" मी म्हणालो. "बाजूच्यायची दिसते. घराजवळ गोठा, काय करता!"

बायको खंजरीच्या झांजा पुसत होती. म्हशीचं रवंथ चालूच राहिलं. मधेच म्हशीनं नाकातून सूं करून श्वास ओढला. मग गाणं थांबलं. खुर्ची करकरली. आणि त्या घमेल्यातून, देवाच्या समोर, असा आवाज आला की मी तो लिहून काढणार नाही. पाठोपाठ रिकाम्या झालेल्या तोंडाचा, तृप्त, माझा स्वतःचा आवाज: "आऽहा हा! काय जागा घेतली!"

बायकांना तेवढ्यात सगळं उमजलं. लहान फोनवर जी टेबलावरची थाप वाटली होती, ती मोठ्या डब्ब्यावर थाप राहिली नव्हती. एकीनं पदर तोंडाशी नेला. दुसरी म्हणाली, "माय माय, अन् मी पोट्टीले शिकवली ना ते!" मग हशा असा उठला की बाईंना दम लागला आणि पाणी आणावं लागलं. पाणी प्यायल्यावर बाई म्हणाल्या, "चांगली जागा घेतली भाऊ. खिडकीची." हशा दुसऱ्यांदा उठला.

बायको हसली नाही. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी पेटीकडे मान घालून बसलो. आणि पहिल्यांदा दिसलं, की पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या फटींत तपकिरी काहीतरी भरलेलं आहे. नख घालून काढलं. सुपारीचा कण होता, बोटाला चिकटला. इतकी वर्षं मी देवाचं भजन त्यावर वाजवत होतो.

घरी आलो तो सरळ मागच्या अंगणात गेलो. खिडकीखालची भिंत मी कधी पाहिली नव्हती. मी आतल्या बाजूचा माणूस, भिंत बाहेरच्या बाजूची. खिडकीच्या चौकटीपासून जमिनीपर्यंत एक पट्टा. वर ताजा विटकरी, मधे काळपट, खाली थरावर थर बसून खरवडल्यासारखा. त्याच्यावर माशा. दर दिवाळीला तिथे चुना लागतो हे मला माहीत होतं. पण दिवाळीला भिंतींना चुना लावतातच, असं मी धरून चाललो होतो. बाकीच्या भिंतींना त्या वर्षी लागलेला नव्हता. दुसऱ्याच्या थुंकीनं मळमळणं सोपं असतं, तिथून निघून जाता येतं. इथून कुठे जाणार?

मुलगी नागपूरला नोकरी करते. तिला फोन लावला. अर्धीच गोष्ट सांगितली.

"बाबा, तुम्ही माईकवर घेतलंत," ती म्हणाली. "माईक नाही निवडायचा. खाली पर्याय असतो, कॉम्प्युटरचा आतला आवाज. तो निवडा. मग तुम्ही बाजूला बसून ढोल वाजवला तरी येणार नाही."

"काहीच येत नाही?"

"काहीच नाही. आधीचं पाठवा ना मला, काय आलंय बघते."

"नको," मी म्हणालो.

आधीचं पुसून टाकायच्या आधी मी ते एकदा कानात इअरफोनची बोंडं घालून पूर्ण ऐकलं. का ऐकलं, ते मला सांगता येणार नाही. मंदिरात डब्बा तरी दूर होता. इथे मी माझ्याच तोंडात जाऊन बसलो. जीभ गालातला गोळा या बाजूचा त्या बाजूला लोटते, ते ऐकू आलं. दातांत अडकलेलं चोखून काढतो, ते. घशात जमलेलं वर आणतो, ते. त्या बिचाऱ्या गाणाऱ्या बाईनं वरच्या सुरावर आवाज किती नाजूक लावला होता, आणि त्याच सुरावर माझी लाळ. जेवणाच्या ताटावर बसलो तेव्हा भात चावतानाही तोच आवाज कानात. मी चावणं थांबवलं आणि गिळायला लागलो.

मग मुलीनं सांगितलं तसं केलं. आतला आवाज निवडला, लाल बटण दाबलं. मुद्दाम खोकललो, शिंकरलो, टेबलावर बुक्की मारली. ऐकून पाहिलं तर माझं काही नाही. नुसतं गाणं, धुतलेल्या तांदळासारखं. घरातून मी वजा झाल्यावर घर इतकं स्वच्छ वाटेल याची कल्पना नव्हती. ते बायकांना पाठवलं. खाली काहीही लिहिलं नाही.

पण गळ्यात बसलेलं गाणं फोनमधून पुसल्यासारखं पुसता येत नाही. पुढच्या तालमीत बायका पुन्हा त्याच जागी थबकल्या. एक पुढे गेली, दोघी थांबल्या, एकीला हसू फुटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आणि खरी अडचण तिथे नव्हतीच. नव्या, सरळ चालीत बायको पहिलं कडवं चढून वर जायची आणि तिथे तिचा दम संपायचा. आवाज आधी पातळ व्हायचा, मग नुसती हवा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिनं खंजरी मांडीवरून उचलली आणि बाईंसमोर ठेवली.

"मले नाई जमत बाई. तुमी दुसरीले द्या."

स्पर्धा तोंडावर आलेली. बाईंनी खंजरीला हात लावला नाही. त्यांनी विचारलं, "पयले जमत होतं. आता काऊन नाई जमत?"

बायकोनं खंजरीची कड बोटानं चाचपली. मग म्हणाली, "पयले थांबा होता. दम घ्याले भेटत होता."

मंदिरात कोणी हसलं नाही. मी पेटीच्या झाकणावरची धूळ पुसत होतो, तिथे धूळ नव्हती.

"मंग थांबाच घेऊ," बाई म्हणाल्या. "आयकलं तसं गायाचं. भाऊ, तुमी पेटी धरून ठेवसान ना तिथी?"

धरणार नाही म्हणायला माझ्याकडे तोंड कुठे होतं!

रात्री जेवणं झाल्यावर मी बायकोला विचारलं, तिला कधी कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाकडे पाहावं तसं.

"पयल्याच दिवशी. ते भित कोन पुसते मंग? मले नाई कळन तो आवाज?"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी कवा नाई ते कौतुकानं माह्यासाठी काही करून देल्लं. सांगतलं असतं त तोंड पाडून बसले असते," ती म्हणाली. "अन् थांबा बरा वाटला मले. कशाचा का असेना."

स्पर्धेच्या दिवशी मंडप भरलेला. माघातलं कोवळं ऊन, जमिनीवर ताडपत्र्या, आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी लाल. एरवी मी नाक मुरडून पुढे गेलो असतो. आता दुसरं काही दिसतच नव्हतं. पुढच्या रांगेत एक धोतरवाले गृहस्थ पन्नीतून चिमूट काढत होते आणि माझ्या तोंडाला आपसूक पाणी सुटत होतं. किळस आणि पाणी एकाच तोंडात, एकाच वेळी. सकाळपासून मी खाल्ला नव्हता. पन्नी मात्र खिशात होती. टाकून आलो होतो असं लिहिलं असतं, पण बायको हे वाचणार आहे.

बायको मधे बसली. खंजरी धरलेल्या हाताची नस दिसत होती. मागे झीलवाल्या, त्यांच्यात बाई. मी भात्यावर हात ठेवला. ओळ निघाली, कापत, मग सरळ. झील आली. कडवं चढायला लागलं, चढलं, आणि वर, अगदी टोकाला, सगळं थांबलं.

माझी बोटं पट्ट्यांच्या वर अधांतरी. मंडपात इतकी शांतता झाली की बाहेर बंडीच्या बैलाची घंटी ऐकू आली. बायकोचे खांदे वर आले, तिनं पोटभर दम घेतला. आणि त्याच शांततेत मागच्या खांबाजवळून कोणीतरी थुंकला. सावकाश आणि निवांत, अगदी माझ्यासारखा.

मागे बाईंच्या घशातून हसू निसटलं, त्याचा त्यांनी खोकला केला. बायकोचे ओठ हलले. गेली, मला वाटलं, आता हसली की गेली. पण तिनं खंजरीवर अशी थाप मारली की मागच्या खांबाजवळचा तो बहुधा दचकला असेल. आणि पुढची ओळ काढली. आवाज पातळ झाला नाही. दुसरा थांबा आला, तिसरा आला. शेवटपर्यंत तिचा आवाज पुरला. उरलासुद्धा.

क्रमांक आला नाही, उत्तेजनार्थ आला. बाईंनी मिळालेला नारळ बायकोच्या ओटीत घातला आणि खंजरीला हात न लावता पुढे चालायला लागल्या. मंडपाबाहेर कुरखेड्याकडच्या मंडळाची एक जाडजूड मुख्य बायकोला गाठून म्हणाली, "काय जी, तो मधातला थांबा कोनं बसवला तुमाले? काटा आला ना मले!"

बायकोनं मान वळवून माझ्याकडे बोट केलं. "आमच्या घरच्यायनं."

"असं का? मंग त गुरूच भेटले घरात!"

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर बायको मागे, तिच्या मांडीत खंजरी, नारळ आणि पेटीचा भाता झाकायचं फडकं. पेटी बाकीच्यांच्या जीपमध्ये. गावाच्या फाट्यावर पानठेला आहे. घोटण्याचा तो खरखर आवाज लांबूनच आला, आणि मी काही ठरवलं नसताना गाडी हळू झाली, रस्ता सोडून कडेला गेली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. ठेलेवाल्यानं न विचारता पन्नी पुढे केली. ठेल्याच्या मागची कुडाची भिंत कमरेपर्यंत लाल होती. तिच्यावर माशा होत्या, आमच्या भिंतीवरच्यासारख्याच. माझा हात निम्मा पुढे गेला होता.

बायको खाली उतरली नाही. मागूनच म्हणाली, "तुमचे थांबे मी ठेवले भजनात, तिन्हीच्या तिन्ही. आता इथचा सोडा. चाला, गाडी काढा. भित मी उद्या शेवटची पुसन."